पन्नाशीनंतर पुन्हा बाइक घेताय? सीसी नंतर विचारा, आधी वजन बघा

वयाची चाळिशी ओलांडली की ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. त्याला फॉर्म १-अ म्हणतात. त्यावर सही घ्यायला येणारे बरेच जण हल्ली उठता उठता विचारतात, "डॉक्टर, पुन्हा बाइक घ्यायची म्हणतोय. क्रूझर. या वयात चालेल ना?" मुलं मार्गी लागलेली असतात, घराचं कर्ज फिटलेलं असतं आणि वीस-पंचवीस वर्षं कारच्या काचेआड गेलेली असतात. बहुतेकांना मी "चालेल" असंच सांगतो. पण त्यापुढचा "कोणती घेऊ?" हा प्रश्न तुम्ही शोरूमवाल्याला आणि यूट्यूबला विचारता. माझ्या मते तो अर्धा तरी डॉक्टरला विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर इंजिनात कमी आणि तुमच्या कंबरेत, गुडघ्यात नि तळपायात जास्त आहे.

आपली पिढी कशावर शिकली ते आठवा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून या शहरात घरटी एक स्कूटर होती म्हटलं तरी चालेल. कुणी आरएक्स १०० चालवली, कुणी हीरो होंडा. या गाड्या शंभर किलोच्या आसपास. कलली तर मांडीने सावरायची, पार्किंगमधून मागचं चाक उचलून सरकवायची. आता क्रूझर बघा. बजाज ॲव्हेंजर २२० चं वजन १६३ किलो, रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० चं १९१ आणि सुपर मिटिऑर ६५० चं २४१. म्हणजे तुमच्या आठवणीतल्या गाडीच्या दीडपट ते जवळजवळ अडीचपट. दरम्यान तुमचे मांडीचे स्नायू मात्र वाढलेले नाहीत. व्यायाम नसेल तर पन्नाशीपर्यंत ते चांगलेच उतरलेले असतात. वाढलेलं वजन पोटावरचं असतं आणि त्याचा गाडी सावरायला काही उपयोग नाही.

"पण डॉक्टर, एकदा गाडी चालू लागली की वजन जाणवतच नाही." अगदी खरं. धोका असतो तो गाडी थांबलेली असताना. जालना रोडच्या सिग्नलला पाय टेकला तिथे नेमकी वाळू असते. सोसायटीच्या उतारावर गाडी मागे घ्यायची असते. अरुंद गल्लीत यू-टर्न मारताना समोर रिक्षा येते. अशा वेळी शून्य वेगाला गाडी एका बाजूला झुकते, आपण जुन्या सवयीने ती एका पायावर तोलू बघतो आणि घोटा किंवा गुडघा मोडून घेतो. हे लोक हायवेवर धडकलेले नसतात, जागच्या जागी पडलेले असतात. म्हणून आत्ताच मनाशी पक्कं करा: झुकत्या गाडीने तोल सोडला की तिला पडू द्यायचं, पाय बाजूला घ्यायचा. इंजिन गार्ड आणि आरसा बाजारात मिळतो.

क्रूझरची एक गोष्ट मात्र आपल्या वयाला सोयीची आहे. तिची सीट बुटकी असते, ॲव्हेंजरची ७३७ मिलिमीटर, मिटिऑरची ७६५. बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. पाय पुढे असल्यामुळे गुडघे फार दुमडावे लागत नाहीत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही ती आरामशीर वाटते.

पण गुडघ्याला मिळालेल्या आरामाची किंमत कंबर चुकती करते. साध्या बाइकवर पाय शरीराच्या खाली असतात. खड्डा दिसला की तुम्ही पायांवर भार देऊन बूड किंचित उचलता आणि धक्का मांड्या झेलतात. क्रूझरवर पाय पुढे पसरलेले असल्याने तसं उचलता येत नाही. शिवाय पाय पुढे गेले की ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. अशा स्थितीत स्पीड ब्रेकर आला की धक्का माकडहाडातून थेट वर जातो. आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरांबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही रोज भेटता त्यांना. ज्यांना सायटिका आहे, चकती सरकलेली आहे किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालंय, त्यांनी क्रूझरऐवजी पाय खाली असलेली, सरळ बसायची गाडी बघावी. रुबाब थोडा कमी, पण कंबर जागेवर राहील.

आता मधुमेहाबद्दल, कारण तो आपल्याकडे घरोघरी आहे. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, असं तुमच्या बाबतीत झालंय का? झालं असेल तर तळपायाच्या नसा बधिर होत आहेत. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो आणि तो किती दाबला गेला हे तळपायच सांगतो. कंपनकाटा आणि नायलॉनचा तंतू लावून ही तपासणी पाच मिनिटांत होते, बुकिंगच्या आधी करून घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पहाटे निघू नका, आणि खिशात साखर ठेवा. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने उभं राहताना चक्कर येऊ शकते, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना डोक्याचा साधा मारही महागात पडू शकतो. म्हणून ती औषधं स्वतःहून बंद करायची असं नाही! त्यांनी गाडीचा निर्णय त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर आधी मोतीबिंदू तपासा.

जुन्या बुलेटवर शिकलेल्यांना एक वेगळी सूचना. त्या गाडीचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. आता उलट आहे. रिकाम्या रस्त्यावर हे लक्षात राहतं, पण समोर अचानक कुत्रं आलं की पाय डोक्याला विचारत नाही, तीस वर्षांपूर्वीची सवय बाहेर येते. रिकाम्या मैदानावर काही सकाळी फक्त थांबण्याचा सराव करा, आणि त्यात पुढचा ब्रेक वापरायला शिका. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे पुढच्या ब्रेकची पूर्वीची भीती आता उरायला नको.

शोरूममध्ये इंजिन चालू करायच्या आधी एवढं करा. गाडी बंद ठेवून बसा, साइड स्टँडवरून सरळ करा आणि दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का ते बघा. उतरून दहा पावलं मागे ढकला. धाप लागली तर ती गाडी तुमची नाही. हँडल पूर्ण वळवा. मधुमेहींमध्ये खांदा आखडणं नेहमीचं आहे, बाहेरचा हात तिथवर दुखल्याशिवाय पोचतो का? क्लच सलग वीस वेळा दाबा. बोटांना मुंग्या आल्या तर मनगटातल्या नसेवर दाब आहे का ते बघावं लागेल. मग वीस मिनिटं नुसते बसून राहा. सेल्समन अस्वस्थ होईल, होऊ द्या. मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही बरोबर न्या. क्रूझरची मागची सीट बरेचदा आखूड असते. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या वहिनींना तिथे तोल सांभाळणं अवघड जातं, आणि त्यांचा तोल गेला की तुमचाही जातो.

माझं स्पष्ट मत असं की खूप वर्षांनी परतणाऱ्याने पहिली गाडी १७० किलोच्या आत घ्यावी, हवं तर जुनी. वर्षभर चालवा, मग मोठीचा विचार करा. २४० किलोच्या गाडीने सुरुवात करणं मला अजिबात पटत नाही, खिशाला परवडत असलं तरी.

पहिले काही रविवार दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळपर्यंतच जा. तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे, घाटाचीही सवय होते. श्रावणातले सोमवार तेवढे टाळा, घृष्णेश्वराची गर्दी असते. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे मुंबईची स्वप्नं बघणाऱ्यांना सांगून ठेवतो. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं आणि दोघांनाही. लायसन्सची तारीखही बघून घ्या. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आणि फॉर्मवर सही घ्यायला याल तेव्हा चालू औषधांची सगळी पाकिटं बरोबर आणा, आयुर्वेदिकसुद्धा. बूट-मोजे काढावे लागतील, तेवढा वेळ हाताशी ठेवून या.