पडदा सर्वांचा, पण किल्ली कोणाकडे?

'शिस्त' हा शब्द महाविद्यालयात पाऊल टाकल्यापासून आपल्या कानी पडतो. गणवेश, हजेरी, ग्रंथालयातील शांतता या सर्वांना तो लागू होताच. आता त्याच्या कक्षेत एक नवी वस्तू आली आहे. मोबाईलमधील चित्र आणि आवाज बिनतारी पद्धतीने मोठ्या पडद्यावर पाठविणारी क्रोमकास्ट, ॲपल टीव्ही यांसारखी साधने महाविद्यालयाच्या वायफायवर चालू द्यावीत काय? एक पक्ष म्हणतो, सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, सर्वांना मोकळे रान द्या. माझ्या मते दोन्ही पक्ष विचाराचे कष्ट टाळीत आहेत.

प्रथम हे पाहू की, ही साधने घरात सुरळीत चालतात आणि महाविद्यालयात का अडतात. ती मुळात चार माणसांच्या घरासाठी बनविलेली आहेत. मोबाईल वायफायवर दवंडी पिटतो, 'कोणी पडदा आहे का?' आणि पडदा उत्तर देतो, 'मी आहे!' घरात असे ओरडणे खपून जाते. पण हजारो मोबाईल असलेल्या आवारात प्रत्येकजण दवंडी पिटू लागला तर जत्रेतला कल्लोळच व्हायचा! वायफायवर एक बोलत असताना त्याच वाहिनीवरील इतरांना थांबावे लागते, आणि दवंडी तर लांबच्यालाही ऐकू जावी म्हणून संथ गतीने दिली जाते. शिवाय ही दवंडी गावाची वेस ओलांडत नाही. मोठ्या संस्थांचे जाळे अनेक भागांत विभागलेले असते. मोबाईल एका भागात आणि पडदा दुसऱ्या भागात असला की दोघांची गाठच पडत नाही. कित्येक ठिकाणी तर सुरक्षिततेसाठी वायफायवरील दोन यंत्रांना एकमेकांशी बोलूच दिले जात नाही.

हे दुखणे आपलेच आहे असे नाही. २०१२ साली अमेरिकेतील विद्यापीठांचे जाळे सांभाळणाऱ्या मंडळींनी 'एज्युकॉज' या संघटनेच्या माध्यमातून ॲपल कंपनीकडे मागणी केली की, तुमची साधने जाळ्याच्या अनेक भागांतून चालावीत आणि मोठ्या संस्थांच्या सुरक्षा-पद्धती त्यांना कळाव्यात. पुढच्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, गुगलचे क्रोमकास्ट अवघ्या ३५ डॉलरला बाजारात आले आणि वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांतून हाच प्रश्न उभा राहिला. क्रोमकास्टचे उत्पादन थांबविल्याचे गुगलने २०२४ मध्ये जाहीर केले, पण प्रश्न थांबलेला नाही. आता दूरचित्रवाणी संचातच ही सोय असते.

मग सर्वांना मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. जानेवारी २०१९ मध्ये काही खोडसाळांनी, चुकीच्या मांडणीमुळे इंटरनेटवर उघडी पडलेली हजारो क्रोमकास्ट शोधून त्यांवर परस्पर आपल्याला हवी ती चित्रफीत लावली होती. घरच्या पडद्याची ही गत, तर वर्गातल्या पडद्याचे काय? प्राध्यापक संतसाहित्य शिकवीत आहेत आणि शेजारच्या वर्गातील कोणी पडद्यावर भलतेच काही लावले, तर त्या तासाचे, आणि विशेषतः एखाद्या विद्यार्थिनीच्या मानाचे, काय होईल? नियंत्रण हवेच.

परंतु नियंत्रण म्हणजे बंदी नव्हे! बंदीची झळ कोणाला लागते हे पाहा. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो तार जोडून आपला निबंध चित्रांसह मांडतो. पण आपल्यातील कित्येकांच्या घरात शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच पिढी आहे. त्यांच्या हाती लॅपटॉप नाही. जे आहे ते मोबाईलमध्येच. गावच्या वीरगळाचे छायाचित्र, आजीच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, रात्री जागून केलेले टिपण, सारे त्या लहानशा यंत्रात असते. पडद्याची वाट बंद केली की हा विद्यार्थी चर्चासत्रात श्रोताच राहतो. म्हणूनच साधन विकत घेताना ते केवळ महागड्या मोबाईलशीच बोलणारे नसावे, हेही पाहिले पाहिजे.

'मुले सिनेमे पाहतील, वायफाय तुंबेल,' असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चित्रपट लावला की ते साधन तो थेट इंटरनेटवरून ओढते. त्याचा भार सर्वांवर पडतो. मात्र मोबाईलचा पडदा जसाच्या तसा दाखविला, तर छायाचित्रे आणि टिपणे आवारातल्या आवारातच प्रवास करतात. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत चित्रपटांचा वेग खुशाल आवळावा. टिपणाची वाट अडवू नये.

केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा निकाल येथे आठवतो. वसतिगृहात सायंकाळी सहा ते दहा मोबाईल वापरण्यास बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला काढून टाकण्यात आले. इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला. त्याचबरोबर तिच्या वापराचा इतरांना उपद्रव होऊ नये, असेही बजावले. हक्क आणि उपद्रव यांतला हाच तोल आपल्याला हवा आहे.

तो साधणे अशक्य नाही. कोणत्या खोलीतला पडदा कोणाला दिसावा, हे ठरविण्याची सोय सिस्को, अरुबा अशा कंपन्यांच्या यंत्रणांत आहे. तेवढा खर्च झेपत नसेल, तर पडद्यावर उमटणारा अंकी संकेत मोबाईलमध्ये भरल्याशिवाय चित्र जाणार नाही, अशी योजना कित्येक साधनांत असतेच. जो खोलीत बसला आहे त्यालाच तो संकेत दिसेल, भिंतीपलीकडच्याला नाही. वर्गात किल्ली प्राध्यापकांकडे असावी, पण ज्याची पाळी असेल त्याला ती मिळावी. वसतिगृहाच्या सामायिक खोलीत वेळापत्रक विद्यार्थी प्रतिनिधींनी मिळून ठरवावे. आणि हे नियम सूचनाफलकावर कारणांसह, साध्या मराठीत लावावेत. कारण न सांगता घातलेले कुलूप तोडण्याचाच मोह होतो. कारण कळले की तेच कुलूप आपण स्वतः राखतो.

मित्रहो, ज्याला आजवर फळ्यासमोर उभे राहण्याचीही संधी क्वचितच मिळाली, त्याला पडद्यासमोर उभे करण्याची ही वेळ आहे. नव्या वर्षाचे नियम ठरविताना प्राचार्यांनी व विद्यार्थी मंडळाने याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.

— द्वितीय वर्ष, कला