बाळाची लस गारव्यात, आईचे इंजेक्शन उन्हात

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना ऊन म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद टेम्पोच्या हौद्यात तर बाहेरच्यापेक्षाही जास्त तापते. अशा दिवसांत त्या रस्त्यांवरून दोन नाजूक औषधे जातात, एक बाळासाठी आणि दुसरे बाळंतिणीसाठी. दोन्हींना २ ते ८ अंशांचा गारवा लागतो, पण तो दोन्हींच्या वाट्याला सारखा येत नाही. नर्सिंगची नोकरी करताना आम्ही हे पाहिले. पुढे नोकरी सोडून आरोग्याच्या चळवळीत आलो, त्यामागचे हे एक कारण.

आधी लशीचे पाहू. पुण्याच्या राज्य भांडारातून ती गार गाडीतून नागपूरच्या विभागीय भांडारात येते, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रात. केंद्रात तिच्यासाठी आयएलआर असतो, म्हणजे वरून उघडणारा फ्रीज. गार हवा जड असते, त्यामुळे झाकण वर असले की ती बाहेर सांडत नाही. आतल्या बर्फामुळे वीज गेली तरी काही तास निभावते. तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावे लागते. गावात किंवा वस्तीत जाताना लस निळ्या डब्यात, चार आईसपॅकच्या मध्ये बसून जाते. एवढे करूनही वाटेत तापलीच, तर कुपीवरचा छोटा चौकोन सांगतो. चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. तो गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला तर ती द्यायची नाही. सिस्टरने अशी कुपी बाजूला काढली आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावले, तर रोज बुडाला म्हणून रागावू नका. तिने तुमच्या बाळाची फसवणूक टाळलेली असते.

आता आईचे इंजेक्शन. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. बाळ जन्मले की मिनिटाभरात ते आईला देतात. त्याने गर्भपिशवी आवळते आणि रक्त थांबते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे सगळ्यांत मोठे कारण आहे. तरीही या अँप्युलवर तापल्याची खूण दाखवणारा चौकोन नसतो. तापून ताकद गेलेले इंजेक्शन आणि चांगले इंजेक्शन दिसायला सारखेच, पाण्यासारखे. थोडा वेळ बाहेर राहिले म्हणून ते लगेच निकामी होत नाही. पण उन्हाळ्याचे दिवस साचत जातात, आणि गेलेली ताकद नंतर फ्रीजमध्ये ठेवून परत येत नाही.

आम्ही एका आडगावच्या केंद्रात होतो तेव्हाची एक रात्र विसरता येत नाही. बाळंतपण सुखरूप झाले, वार पडली, इंजेक्शन दिले. तरी पिशवी कडक होईना आणि रक्त थांबेना. दुसरे इंजेक्शन दिले, पोट चोळत राहिलो, सलाईन लावून तिला मोठ्या दवाखान्यात हलवले. रक्त चढवल्यावर ती वाचली. सकाळी आम्ही स्टोअरमध्ये गेलो. ऑक्सिटोसिनचा खोका सलाईन आणि गोळ्यांच्या खोक्यांसोबत साध्या टेम्पोतून आला होता, आणि पत्र्याखालच्या त्या खोलीत पंधरवडाभर तसाच पडून होता. इंजेक्शन बिघडलेलेच होते असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पिशवी न आवळण्याची इतरही कारणे असतात. पण ते चांगले होते, हेही आम्हाला कुणी सांगू शकले नाही.

हे फक्त आमच्या नशिबी आलेले नाही. अनेक गरीब देशांत तपासलेल्या ऑक्सिटोसिनच्या नमुन्यांत औषधाचे प्रमाण कमी आढळले आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीसोबत निवेदन काढून हे इंजेक्शन २ ते ८ अंशांतच ठेवा, असे सर्व देशांना बजावले.

मग अडते कुठे? भर मे महिन्यात तालुक्याच्या बाजारात आईसक्रीम न वितळता पोहोचते, म्हणजे अडचण तंत्राची नाही. लशीचा कार्यक्रम वेगळा, त्याची गाडी वेगळी, फ्रीजही वेगळा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आयएलआरमध्ये लशीशिवाय दुसरे औषध ठेवायचे नसते. त्यामुळे आईच्या औषधाला ना गाडी, ना फ्रीज, ना वही.

आमचे म्हणणे सरळ आहे. लस घेऊन जाणाऱ्या गार गाडीतच ऑक्सिटोसिनसाठी वेगळा खोका ठेवा. प्रत्येक प्रसूतिगृहात त्याच्यासाठी छोटा फ्रीज द्या, वीज बेभरवशाची असेल तिथे सौर ऊर्जेवरचा, आणि तापमानाची वही तिथेही ठेवा. भामरागडसारख्या भागात पुराने रस्ता तुटतो, तिथे उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हवे. भारतासह १० देशांतल्या सुमारे ३० हजार बाळंतिणींवर झालेल्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. तिचे निष्कर्ष २०१८ सालीच प्रसिद्ध झाले आहेत. आणि गाडीचा ड्रायव्हर, फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक, लशीचा डबा उचलून नेणारा माणूस यांना आरोग्य कर्मचारी म्हणून पुरता पगार द्या. त्यांच्यापैकी एकाचे काम अडले तरी औषध तापते.

वाचून कुणी दवाखान्याला घाबरू नये. बाळंतपण दवाखान्यातच करा. घरी तर हे इंजेक्शन मिळतच नाही. पण लेकीला, सुनेला घेऊन जाल तेव्हा आदराने विचारा, "सिस्टर, रक्त थांबायचे इंजेक्शन फ्रीजमधले आहे ना?" बाळंतपणानंतर भराभर कपडे भिजू लागले, चक्कर आली, अंग गार पडले तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. घरी आल्यावर असे झाले तर १०८ ला फोन लावा, सकाळची वाट पाहू नका.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक काम ठरवा. तुमच्या प्रसूतिगृहात जाऊन फ्रीज कुठे आहे, तो चालू आहे का आणि मे महिन्यातली वही भरलेली आहे का, एवढे पाहून या. फ्रीज नसेल तर अर्ज लिहा, त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.