दिवे विझल्यावरचा सिनेमा
दर आठवड्याला एक सिनेमा, हा आपला नेम. या वेळी चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चा ‘कोर्ट’ पुन्हा लावला. शेवटाकडे सिनेमातल्या न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे विझतात, पडदा काळा होतो आणि शेजारचे काका चपला शोधू लागतात. अहो, बसा की! खरी मेख पुढेच आहे. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देणारे न्यायाधीश सहलीला जातात आणि मूल बोलत नाही तर नाव बदला, बोटात खडा घाला, असा सल्ला देतात. कॅमेरा जवळपास ढिम्म असतो म्हणून या सिनेमाला ‘संथ’ म्हणणाऱ्यांशी माझं जमायचं नाही. कॅमेरा नाचला असता, तर माणसं सोडून आपण त्यालाच बघत बसलो असतो.