साफ करणाराच घाण टाकून जातो

पुण्याजवळच्या ताथवड्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जा, लॅपटॉप काउंटरवर ठेवा आणि "व्हायरस आलाय" एवढंच सांगा. समोरून प्रश्न येतो, "डेटा ठेवायचाय का?" बस्स. व्हायरस कुठला, शिरला कुठून, बँकेचं काम याच मशीनवर होतं का, ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह आहेत का, यातलं काहीही विचारलं जात नाही. पोरगा पेनड्राइव्ह लावतो, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, आणि संध्याकाळी लॅपटॉप घरी. चार-सहा महिन्यांनी तोच लॅपटॉप त्याच काउंटरवर. मधल्या काळात घरातला प्रत्येक जण मुलावर ओरडून झालेला असतो की नको त्या साइटवर जातोस. मुलगा बऱ्याचदा निर्दोष असतो. घाण दुकानातूनच घरी आलेली असते.

आमच्या सोसायटीतली अशी 'साफ' झालेली मशीन माझ्याकडे येतात, तेव्हा मी सर्वांत आधी विंडोज सिक्युरिटी उघडून एक्सक्लुजन्सची यादी बघतो. अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही, ते या यादीत लिहिलेलं असतं. घरच्या मशीनवर ही यादी कोरी असली पाहिजे. दुकानातून आलेल्या मशीनवर ती मला क्वचितच कोरी दिसते. कधी तिथे एखादा फोल्डर असतो, कधी अख्खी सी ड्राइव्ह. मग मी सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडतो. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने विंडोज चालू झालं आहे' अशा अर्थाचं वाक्य तिथे असतं. टू बीएचकेमध्ये राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेची ऑर्गनायझेशन कुठली?

हे वाक्य म्हणजे क्रॅकचा पुरावा आहे. मोठ्या कंपन्यांत हजारो कॉम्प्युटर असतात, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय केली: कंपनीच्या आत एक सर्व्हर ठेवायचा आणि तो बाकीच्यांना १८० दिवसांची मान्यता देत राहणार. ॲक्टिव्हेटर नावाची जी फाइल दुकानातला पोरगा चालवतो, ती तुमच्याच मशीनमध्ये असा खोटा सर्व्हर उभा करते. मान्यता संपू नये म्हणून ती टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची नोंद करून पुन्हा पुन्हा चालते. हे करायला तिला ॲडमिनचे पूर्ण अधिकार लागतात आणि अँटिव्हायरस बंद लागतो. म्हणजे कोणी बनवली ते माहीत नाही, कुठून उतरवली ते माहीत नाही, अशी फाइल आपण सर्वोच्च अधिकार देऊन, पहारा उठवून, कायमची घरात बसवतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं यालाच म्हणतात.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर त्या फाइलला पकडतो आणि 'हॅकटूल ऑटोकेएमएस' असं नाव घेऊन इशाराही देतो. त्यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं: "साहेब, तो क्रॅकला व्हायरसच म्हणतो, दुर्लक्ष करा." हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते अर्धं खरं आहे. सगळ्या ॲक्टिव्हेटरमध्ये चोर नसतो. पण आहे की नाही, हे ओळखण्याची अक्कल आणि साधनं त्या दुकानात नसतात. २०१२च्या पहिल्या सहामाहीवरच्या मायक्रोसॉफ्टच्याच अहवालात नोंद आहे की, ज्या मशीनवर की बनवणारी अशी हत्यारं सापडली, त्यांतल्या ७६ टक्क्यांहून जास्त मशीनवर दुसरीही घाण सापडली. २०२१च्या डिसेंबरमध्ये केएमएसपिको या लोकप्रिय ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फाइलमध्ये क्रिप्टबॉट हा पासवर्ड आणि क्रिप्टो-वॉलेट चोरणारा प्रोग्राम सापडला. विंडोज चालू झालं, म्हणून गिऱ्हाईक खूश. आत काय चालू झालं, ते त्याला कळलंच नाही.

यातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त चीड आणते, ती आता सांगतो. विंडोज ८पासून पुढच्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डवरच बसवलेली असते. त्याचे पैसे तुम्ही लॅपटॉप घेतानाच भरलेले असतात. फॉरमॅट मारून त्याच आवृत्तीचं विंडोज टाकलं की ते ही की आपोआप ओळखतं आणि अस्सल म्हणून चालू होतं. रुपयाही लागत नाही. दुकानातल्या पेनड्राइव्हवर मात्र 'प्रो' असतं आणि लॅपटॉपसोबत 'होम' आलेलं असतं. 'होम' टाकायला दोन क्लिक जास्त, म्हणून सरसकट सगळ्यांना 'प्रो' टाकलं जातं आणि ते चालावं म्हणून क्रॅक. अस्सल माल पुसून चोरीचा माल बसवायचा आणि त्याची मजुरी घ्यायची, हा धंदा आपल्या नाकासमोर चालतो आणि आपण वर "थँक्यू" म्हणून येतो.

हे पुण्यात व्हावं, याची मला लाज वाटते. कारण याच शहरात एका दुरुस्तीच्या दुकानाने वेगळा इतिहास घडवला आहे. सातारा जिल्ह्यातून आलेले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस दिसू लागले, तेव्हा फॉरमॅट मारून हात झटकण्याऐवजी त्यांनी कॉम्प्युटर शिकणाऱ्या धाकट्या भावाला, संजयला, ते काढणारे प्रोग्राम लिहायला लावले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. तीही गल्लीतली माणसं होती आणि त्यांच्यासमोरही घासाघीस करणारं गिऱ्हाईकच होतं. फरक इतकाच की, व्हायरस आला कसा, हा प्रश्न त्यांना पडला.

आता गिऱ्हाइकाकडे वळतो, कारण दुकानदार एकटा दोषी नाही. वाकड, ताथवडे, पुनावळे या पट्ट्यात लोक फ्लॅटचे हप्ते भरतात, दोन-तीन वर्षांनी फोन बदलतात, शनिवारी हॉटेलात जेवतात, पण सॉफ्टवेअरला पैसे म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. हिंजवडीत दिवसभर सॉफ्टवेअर लिहून पगार घेणारा माणूस घरी चोरीचं सॉफ्टवेअर वापरतो आणि "सगळेच वापरतात" म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्याच श्रमाची किंमत शून्य ठरवत असतो. ज्याला खरोखर परवडत नाही त्याच्यासाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, इंकस्केप फुकट आहे, उबुंटू फुकट आहे. यातलं काहीही न बघता क्रॅक शोधायला बसणं म्हणजे निव्वळ आळस, आणि काटकसर म्हणून त्याचा गौरव आपण थांबवला पाहिजे.

ताथवडे आता कॉलेजांचं गाव झालं आहे. इथल्या पीजीत आणि होस्टेलांत एक हार्डडिस्क खोल्याखोल्यांतून फिरते: पिक्चर, गेम, ऑटोकॅडचा क्रॅक. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि फ्यूजन फुकट देते. शिकत असल्याचा पुरावा द्यायचा, वर्षाने नूतनीकरण करायचं. कित्येक कॉलेजांच्या ई-मेलवर मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं ऑफिसही फुकट मिळतं. जे सरळ मार्गाने फुकट मिळतं, ते मुलं चोरून, अँटिव्हायरस बंद करून घेतात, कारण पहिल्या वर्षी कोणी सांगितलेलंच नसतं. अभ्यासक्रमात सायबर सुरक्षेचा पेपर असतो आणि त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट क्रॅक केलेल्या वर्डमध्ये टाइप होतो.

"घरच्या मशीनवर आहे काय चोरण्यासारखं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आजचे चोरटे प्रोग्राम मशीन बिघडवत नाहीत, स्लोही करत नाहीत. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलतात आणि पसार होतात. कुकी हातात आली की पासवर्ड आणि ओटीपी न टाकताही तुमच्या खात्यात शिरता येतं. लुमा हा असाच एक चोर. मायक्रोसॉफ्टने २०२५च्या मे महिन्यात त्याचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज मशीनवर तो आढळला होता. दुसरा प्रकार खंडणीचा. 'स्टॉप' नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅकमधूनच पसरलं. त्याने लग्नाचे, बारशाचे फोटो कुलूपबंद केले. एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीने २०१९च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या १४८ प्रकारांवर फुकट उतारा दिला, पण पुढच्या प्रकारांत प्रत्येक मशीनची चावी बहुधा गुन्हेगाराच्या सर्व्हरवर बनते, आणि तिथे उपाय उरत नाही. ज्यांचे फोटो गेले, ते गेलेच.

हिंजवडीला जाणाऱ्यांनी तर लास्टपासचं प्रकरण पाठ करावं. जगभरातल्या लोकांचे पासवर्ड सांभाळणारी ही कंपनी २०२२मध्ये फुटली, ती तिच्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावर प्लेक्स हे पिक्चर बघायचं सॉफ्टवेअर होतं. त्यातलं भोक बुजवणारी दुरुस्ती मे २०२०मध्येच आली होती, ती त्याने कधी घेतलीच नाही. चोरांनी तिथून कीलॉगर बसवला, त्याचा मुख्य पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या तिजोरीचे बॅकअप नेले. आपल्याकडे २०२१च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली, पोलिसांकडच्या तक्रारीत पाच कोटींच्या नुकसानीचा आकडा होता. तेव्हा महापालिकेला नावं ठेवण्यात आपण सगळे पुढे होतो. घरच्या मशीनची एक्सक्लुजन्सची यादी मात्र त्या दिवशीही कोणी उघडून बघितली नसेल.

मग साफ करायचं कसं? आधी खरंच व्हायरस आहे का ते बघा. उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरला धोका" म्हणून उसळणाऱ्या खिडक्या बऱ्याचदा कुठल्यातरी साइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ती क्रोमच्या सेटिंग्जमध्ये काढली आणि अनोळखी एक्स्टेंशन उडवली की विषय संपतो. यासाठी फॉरमॅटचे पैसे घेणं ही फसवणूक आहे. शंका उरलीच तर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे एरवी चालू असणाऱ्या चोराला त्याच्यापासून लपणं कठीण जातं. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर फुकट साधनं २०१७पासून आहेत.

पण मशीनवर ॲक्टिव्हेटर चालला असेल किंवा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला असेल, तर स्कॅनवर विसंबू नका. नेट तोडा. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. हे राहिलं तर फॉरमॅट व्यर्थ आहे, कारण मशीन कोरं झालं तरी चोराकडची कुकी चालूच राहते. पैसे गेले असतील तर तिथल्या तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. मग फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा. एकही सेटअप नाही, एकही गेम नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून, स्वच्छ मशीनवर, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा. बसवताना सगळी पार्टिशन पुसा.

सगळी म्हणजे डी ड्राइव्हसुद्धा. पुन्हा लागण होण्याचं मूळ तिथेच आहे. दुकानदार सी पुसतो आणि डी तशीच ठेवतो. डीवर 'सॉफ्टवेअर्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात वर्षानुवर्षांचे क्रॅक साठलेले असतात, आणि नवं विंडोज टाकून झालं की तो त्याच फोल्डरमधून ऑफिस टाकतो. शिवाय त्याचा पेनड्राइव्ह दिवसभर एका आजारी मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये जात असतो. झेरॉक्सच्या दुकानांचं हेच. प्रिंट काढून घरी आलात आणि पेनड्राइव्हवर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले, तर त्यावर क्लिक करू नका. खऱ्या फाइल लपवलेल्या असतात आणि तो शॉर्टकटच किडा चालवतो. प्रिंटसाठी एक रिकामा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यावर पीडीएफशिवाय काही नको.

रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं खातं, मुलांना तर नक्कीच. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत अशा डिस्कवर, जी एरवी कॉम्प्युटरला जोडलेली नसते. एखादी साइट "तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा" म्हणत विंडोज आणि आरची बटणं एकत्र दाबून काही पेस्ट करायला सांगत असेल, तर ती चोर आहे, खिडकी बंद करा.

आणि अपडेट. "अपडेटने स्लो होतो" म्हणत ते बंद करून देणारा दुकानदार तुमचा शत्रू आहे. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने १२ मे २०१७ला जग बंद पाडलं, तेव्हा ते ज्यातून शिरलं ते भोक बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच आलेला होता. दोन महिने हातात होते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदतवाढ ठेवली गेली. त्यानंतर जुनं मशीन विंडोज ११ घेत नसेल तर त्यावर उबुंटू टाका किंवा बँकेचं काम त्यावर बंद करा.

माझ्या दोन मागण्या आहेत. दुरुस्तीच्या बिलावर कुठलं विंडोज टाकलं, होम की प्रो, आणि ते कुठल्या कीने चालू केलं, हे लिहून घ्यायचं. दुकानदाराने लिहायला नकार दिला तर लॅपटॉप उचलून बाहेर पडायचं. आणि ताथवड्यातल्या प्रत्येक कॉलेजने प्रवेशाच्या दिवशी, फीच्या पावतीसोबत, विद्यार्थ्याच्या हातात कॉलेजचा ई-मेल आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी ठेवायची. पालकांनी ती मागायची, आणि मिळेपर्यंत ऑफिसच्या दारातून हलायचं नाही.