घाईनं पिकवलेलं काँक्रीट

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ४० मीटर लांबीचे, सुमारे ९७० टनांचे अखंड गर्डर बसवतानाचे व्हिडिओ आमच्या इथल्या मराठी ग्रुपवरही फिरतात. अभिमान वाटतोच. मी सॉफ्टवेअरवाला, स्थापत्य माझा विषय नव्हे. पण टेक्सासमध्ये राहत असल्यानं एक प्रश्न पडतो: गर्डरचं काँक्रीट पहिल्या रात्री किती तापतं?

घराच्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. कास्टिंग यार्डात तेवढी सवड नसते. साचा लवकर मोकळा हवा, म्हणून बऱ्याच ठिकाणी गर्डर झाकून वाफ देतात. ताकद झटपट येते. त्यात सिमेंट स्वतःही उष्णता सोडतं. जाड भागात तापमान साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की धोका सुरू होतो.

एट्रिंगाइट नावाचे स्फटिक एरवी काँक्रीट कोवळं असतानाच तयार होतात, त्यांचा त्रास नसतो. जास्त उष्णतेत ते टिकत नाहीत. मग काँक्रीट कडक झाल्यावर, ओल मिळाली की, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा तयार होतात. काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये काही बॉक्स बीम पुलावर चढण्याआधी यार्डातच तडकले. त्यामागे ही प्रक्रिया होती, जोडीला अल्कली आणि खडी-वाळूतल्या सिलिकाची अभिक्रियाही. पुढे इथे काँक्रीटच्या तापमानावर मर्यादा आली.

उपाय महाग नाहीत. वाफ हळूहळू वाढवायची, मिश्रणात पुरेशी फ्लाय ॲश किंवा स्लॅग घालायचं, गर्डरच्या पोटात तापमापक ठेवायचा. दुसऱ्या दिवशी क्यूब पास झाला एवढ्यावर विसंबता येत नाही. छोटा क्यूब जाड गर्डरइतका तापत नाही आणि ती चाचणी त्या दिवसाची ताकद सांगते, वीस वर्षांनंतरची नाही. आमच्या धंद्यातही टेस्ट पास झालेला कोड नंतर रडवतोच, पण तो रातोरात बदलता येतो. गर्डर बदलता येत नाही.

बुलेट ट्रेनच्या कामात काही चुकतंय, असं मला म्हणायचं नाही. पण कंत्राटदाराची जबाबदारी काही वर्षांत संपते, पूल मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरायचा असतो. म्हणून देशातल्या प्रत्येक मोठ्या पुलासाठी एक मागणी करायला हवी: प्रत्येक गर्डरच्या तापमानाची नोंद जपून ठेवा आणि लोकांना पाहू द्या.