अंध वादक आणि बोलका संगणक

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत बाजाची पेटी ही एके काळीं घरांतल्या माणसासारखीच होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत खोळ घालून ती ठेवलेली असे, आणि दिवेलागण झाली, शुभंकरोति आटोपली, कीं घरांतील कोणीतरी तिचा भाता मोकळा करी. ह्या पेटीचा एक मोठा गुण आमच्या ध्यानांत फार उशिरां आला. तो असा कीं, ती वाजविण्यास डोळे लागतच नाहींत. भाता एका हाताखालीं, पट्ट्या दुसऱ्या हाताखालीं, आणि स्टॉपर चिमटींत. जें कांहीं आहे तें सारें बोटांना सांपडतें. अंध मनुष्य पेटीपुढें बसला, कीं तेवढ्या वेळापुरतें त्याचें व डोळस वादकाचें नातें अगदीं बरोबरीचें होतें.

हा गुण आमच्या ध्यानांत आला तो गेल्या महिन्यांत, डोंबिवलीस एका स्नेह्यांच्या घरीं. रविवार असल्यामुळें ठाण्याहून निघालेल्या गाडींत बसावयास जागा मिळाली, आणि दुपारच्या चहाच्या वेळीं आम्ही त्यांच्याकडे पोहोंचलों. त्यांचा एकुलता एक चिरंजीव जन्मांध आहे. वय वर्षें तेवीस. कल्याणच्या एका गुरुजींजवळ आठ वर्षें पेटी शिकून तो अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा उत्तीर्ण झाला आहे. भजनी मंडळांना आणि सुगम संगीताच्या वर्गांना तो साथ करतो. परंतु साथीच्या बिदागीवर संसार उभा राहत नाहीं, हें त्यालाहि कळतें. घरबसल्या चाली बांधाव्या, त्यांना बासरी, व्हायोलिन, तबला यांची जोड संगणकावर द्यावी आणि तयार ध्वनिमुद्रण लोकांस पुरवावें, असा त्याचा मानस. त्यासाठीं त्यानें साठविलेल्या पैशांतून चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड विकत घेतला होता.

वडिलांचें म्हणणें असें कीं, संगणक चालविण्यास एखादा डोळस मदतनीस पगारी ठेवावा. मुलानें चाल सांगावी, त्यानें तीं बटणें दाबावीं. मुलाचें म्हणणें, "त्याचा पगार माझ्या कमाईहून मोठा होईल. शिवाय तो रजेवर गेला, कीं मीहि रजेवर." ह्या वादांत आमचें मत घ्यावें म्हणून आम्हांस बोलावणें होतें.

वडिलांचें म्हणणें वेडगळ होतें असें मुळींच नव्हे. रवींद्र जैन हे जन्मांध संगीतकार. ‘चितचोर’ (१९७६) ह्या चित्रपटाच्या चाली आजहि घरोघर गुणगुणल्या जातात. त्या काळीं चित्रपटाच्या संगीताची रीत अशी होती कीं, संगीतकारानें चाल गाऊन सांगावी, संयोजकानें ती लिहून काढावी, आणि दालनभर बसलेल्या वादकांनीं ती वाजवावी. कामाची वांटणी सर्वांचीच होती. डोळस संगीतकारहि कांहीं सारें एकट्यानें करीत नसे. आतां तें दालन एका लहानशा खोलींत आलें आहे. चाल बांधणारा, वाजविणारा आणि मुद्रण करणारा एकच मनुष्य असतो, आणि त्याच्यापुढें एक पडदा असतो. म्हणजे पेटींत जें बोटांखालीं होतें, तें आतां चित्रें होऊन पडद्यावर जाऊन बसलें. अंध वादकाची अडचण नेमकी येथें आहे. ती संगीताची नाहीं, आणि खरें पाहतां यंत्राचीहि नाहीं.

यंत्र काय करतें तें प्रथम सांगतों. ‘मिडी’ हा वाद्यांनीं आणि संगणकांनीं एकमेकांशीं बोलण्याचा एक ठरलेला संकेत आहे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें तो १९८३ सालीं सिद्ध झाला, आणि निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एका भाषेंत बोलूं लागलीं. पुष्कळांचा असा समज असतो कीं, कीबोर्डाच्या तारेंतून सूर संगणकांत जातो. तसें नाहीं. तारेंतून जातो तो केवळ निरोप. कोणती पट्टी दाबली, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढेंच तो सांगतो. पट्ट्यांना ० पासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. मधल्या सप्तकांतील पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१, अशी ती गणती चालते. कागदावर तबल्याचे बोल लिहिले म्हणून कागद वाजत नाहीं; तो कागद तबलजीच्या हातीं पडावा लागतो. त्याचप्रमाणें हा निरोप संगणकांतील एखाद्या ‘वाद्या’च्या हातीं पडला, म्हणजे मगच सूर निघतो. ही गोष्ट ज्याला उमगली, त्याची अर्धी घाबरगुंडी तेथेंच संपते. कीबोर्ड जोडला आणि आवाज आला नाहीं, तर वाद्य बिघडलें असें तो समजत नाहीं. निरोप कोठें अडला एवढेंच शोधतो.

तार जोडण्याचें काम त्या मुलानें आमच्यासमोर केलें, आणि त्याला डोळ्यांची गरज कोठेंच लागली नाहीं. तारेचें एक टोंक चपटें, तें संगणकांत जातें. दुसरें जवळजवळ चौरस, आणि त्याच्या वरच्या दोन कडा तासलेल्या. अंगठ्यानें त्या तासलेल्या कडा चाचपून त्यानें तें टोंक वाद्याच्या पाठीमागें बसविलें. "जुन्या कीबोर्डांना पांच टांचण्यांचा गोल प्लग असतो, काका," तो म्हणाला. "त्यांत एकच घोटाळा होतो. वाद्याचें ‘आउट’ संगणकाकडच्या ‘इन’ला जायला हवं, लोक ‘इन’ला ‘इन’ जोडतात आणि दिवसभर थांबतात."

आतां पडद्याचा प्रश्न. अंध मनुष्यास पडदा वाचून दाखविणारे प्रोग्रॅम असतात. ‘एन.व्ही.डी.ए.’ हा त्यांपैकीं एक. मायकेल करन आणि जेम्स तेह ह्या ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांचें तें काम. २००६ सालीं त्याचा आरंभ झाला, आणि तो आजहि विनामूल्य मिळतो. त्यांत मराठी वाचणारा आवाजहि आहे. गोड नाहीं, पण स्पष्ट आहे. त्या मुलानें त्याचा वेग इतका वाढविलेला होता कीं, आम्हांस एक अक्षर कळेना. आम्ही कान टवकारून बसलों होतों आणि तो मात्र शांतपणें मान डोलवीत होता.

मुद्रणासाठीं त्यानें ‘रीपर’ नांवाचा प्रोग्रॅम निवडला होता. त्याला ‘ओसारा’ नांवाची एक पुरवणी जोडतां येते, आणि तिच्यामुळें तो प्रोग्रॅम आपली प्रत्येक हालचाल तोंडानें सांगूं लागतो. ही पुरवणीहि वर सांगितलेल्या जेम्स तेह यांनींच सुरू केलेली. माउसचें त्यांत कामच नाहीं. सारें कळांनीं चालतें. कंट्रोल आणि पी ह्या कळांनीं मांडणीची खिडकी उघडून त्यानें मिडी यंत्रांची यादी काढली, आपल्या कीबोर्डाचें नांव ऐकलें आणि त्याला परवानगी दिली. कंट्रोल व टी दाबून एक नवी पट्टिका घेतली. तिचा कान मायक्रोफोनकडे असतो, तो वळवून मिडीकडे लावला. तिच्यावर एक वाद्य बसविलें. आणि ती मुद्रणासाठीं सज्ज केली. परवानगी, पट्टिका, कान, वाद्य आणि सज्जता अशा पांचच पायऱ्या. त्या त्यानें एखाद्या तानेसारख्या पाठ केल्या होत्या.

पट्टी दाबली, सूर आला. परंतु तो किंचित् उशिरां आला. मुलानें कपाळाला आठी घातली. संगणक ध्वनीचे तुकडे सांठवून मग सोडतो. सेकंदाचे ४४,१०० तुकडे धरले आणि एका वेळीं १,०२४ सांठविले, तर सुमारें २३ मिलिसेकंदांचा विलंब होतो. तेवढ्या वेळांत हवेंतून आवाज सुमारें आठ मीटर जातो. म्हणजे पेटी आठ मीटर दूर ठेवून ती येथून वाजविण्यासारखेंच झालें! १२८ तुकडे सांठविले, तर हें अंतर एका मीटरावर येतें. म्हणून त्यानें ‘एसिओ’ पद्धतीचा वेगवान ड्रायव्हर निवडला. आणि त्याच क्षणीं संगणकाचें बोलणें बंद पडलें.

खोलींत एकदम शांतता पसरली. कारण नंतर समजलें. असे कांहीं ड्रायव्हर आवाजाचा मार्ग केवळ आपल्यासाठीं राखून ठेवतात. त्याच मार्गानें येणारा वाचकाचा आवाज मग बाहेर पडूं शकत नाहीं. डोळस मनुष्यास हें कळतहि नाहीं, कारण त्याचा पडदा चालूच असतो. अंध वादकापुढें मात्र सर्वत्र अंधार झाला.

आमचे स्नेही तत्काळ उठले. "अरे, सरक तूं, मी बघतों," म्हणून त्यांनीं माउस हातीं घेतला. त्यांच्या स्वरांत रागाचा लवलेश नव्हता. तेवीस वर्षें मुलाच्या वाटेंतला प्रत्येक दगड त्यांनीं असाच उचलला होता. मुलगा जागचा हलला नाहीं. तो हळूच म्हणाला, "बाबा, माउस तुमच्या हातांत गेला, कीं गाणंहि तुमच्या हातांत जातं. मला दोन मिनिटं द्या." दारांत त्याची आई चहाचे कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "द्या हो त्याला दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांत त्यानें जें केलें तें असें. ऑल्ट आणि एफ-चार दाबून रीपर बंद केला. मार्ग मोकळा होतांच वाचकाचा आवाज परत आला. मग खणांतून यू.एस.बी.चा एक साधा इअरफोन काढून त्यानें संगणकाला जोडला, आणि वाचकाच्या मांडणींत जाऊन त्याचें बोलणें त्या इअरफोनकडे वळविलें. रीपर पुन्हां उघडला. आतां संगीत हेडफोनमधून आणि निवेदन इअरफोनमधून, अशा दोन वाटा वेगळ्या झाल्या. उजव्या कानांत सूर आणि डाव्या कानांत वाचक घेऊन त्यानें पट्टी दाबली. सूर बोटाबरोबर आला. त्यानें मंद्रांतून हळूहळू यमन मांडला, आणि डाव्या हातानें सूर वांकविण्याचें चाक फिरवून गंधारावरून पंचमापर्यंत एक मींड ओढली. पेटीवर मींड निघत नाहीं, ह्या व अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीला बंदी केली होती, हें आमच्या जुन्या वाचकांस स्मरत असेल. ती मींड ह्या खोलींत एका अंध मुलाच्या हातून आम्हीं ऐकली.

सारें सुरळीत झालें असें मात्र समजूं नये. संगणकांतील पुष्कळशीं वाद्यें म्हणजे नुसतीं चित्रें असतात. त्यांवरचीं बटणें व चक्रें वाचक-प्रोग्रॅमला दिसत नाहींत, म्हणून तो तेथें मुका होतो. महागडें वाद्य घेतलें आणि तें असें मुकें निघालें, तर पैसे पाण्यांत जातात. ह्या उणिवेवर जगांत विचार होऊं लागला आहे, आणि कांहीं कारखान्यांचे कीबोर्ड चक्र फिरवितांच त्याचें नांव उच्चारतात. अंध मनुष्याच्या गरजेंतून सर्वांचा लाभ होतो, ह्याचा दाखलाहि आहे. अमेरिकेच्या रे कर्झवाइल यांनीं १९७६ सालीं अंधांसाठीं पुस्तक वाचणारें यंत्र काढलें. त्यामुळें अंध गायक स्टीव्ही वंडर यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. त्यांच्याच सूचनेवरून कर्झवाइल वाद्यांकडे वळले, आणि १९८४ सालीं खऱ्या पियानोचा भास देणारा त्यांचा कीबोर्ड बाजारांत आला. त्याहिपूर्वीं, १८२९ सालीं, लुई ब्रेल यांनीं आपली टिंबांची लिपि प्रसिद्ध केली ती अक्षरांइतकीच संगीतलेखनासाठींहि होती. ते स्वतः ऑर्गन वाजवीत. आणि आपल्याकडे विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टि बालपणीं दारूकामाच्या अपघातानें अधू झाली. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत घरोघर नेलें तें त्यांनींच.

आमचें मत विचारलें होतें, तें आम्हीं दिलें तें असें. पगारी मदतनीस ठेवूं नये. त्या पैशांत एक बरा हेडफोन आणि एक सुटा इअरफोन घ्यावा. कोणतेंहि वाद्य वा प्रोग्रॅम घेण्यापूर्वीं तो वाचक-प्रोग्रॅमशीं बोलतो काय, हें आधीं विचारावें, आणि चांचणीची मुदत मिळत असेल तर ती पुरती वापरावी. रीपरला अशी साठ दिवसांची मुदत असते. तिसरी गोष्ट घरांतल्यांसाठीं. मुलगा अडला, तर पडद्यावर काय लिहिलें आहे तें वाचून सांगावें. हात मात्र आपल्या मांडीवर ठेवावे. सांगण्यानें मनुष्य शिकतो; हातचें काढून घेतल्यानें तो दुबळा होतो. हें अंध मुलांपुरतेंच खरें आहे असें नाहीं.

आमचे स्नेही कांहीं बोलले नाहींत. निघतेवेळीं मात्र ते आम्हांस जिन्यापर्यंत पोहोंचवावयास आले आणि म्हणाले, "त्या खोक्यावर कांहीं बारीक अक्षरांत छापलं आहे. तें त्याला वाचून दाखवायचं राहिलं. तेवढं करतों." इतकें बोलून ते लगबगीनें परत फिरले. जिना उतरतांना वरून यमनाचे सूर ऐकूं येत होते.