चूक माणसाची की यंत्राची?

माणूस आणि यंत्र यांचे जमले नाही, की दोष बहुधा माणसाच्या माथी मारला जातो. बँकेच्या यंत्रातून पैसे काढता आले नाहीत, तर लोक म्हणतात, "यांना येत नाही." रेल्वेचे तिकीट देणाऱ्या यंत्रासमोर कोणी अडखळले, की मागची रांग कुरकुर करते. तो माणूसही ओशाळून म्हणतो, "आम्ही अडाणी, आम्हांला कसे जमणार?" यंत्राला मात्र कोणी अडाणी म्हणत नाही.

मला हा न्याय उलटा वाटतो. यंत्र माणसाने माणसासाठी बनवले आहे. ते वापरताना अनेकांची एकच चूक पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती चूक त्या लोकांची नाही, यंत्र घडवणाऱ्याची आहे.

हा विचार आज विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. इंग्रजीत त्याला 'ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन' म्हणतात. आपण त्याला मानव-संगणक संवाद म्हणू. या विषयाचे विद्यार्थी संगणक शिकतातच, पण त्याबरोबर माणूसही शिकतात. डोळा आधी काय पाहतो? एका वेळी किती गोष्टी लक्षात राहतात? घाईत हात कोठे चुकतो? या प्रश्नांची उत्तरे ते शोधतात. नव्या यंत्राचा पडदा ते आधी साध्या कागदावर काढतात आणि तो सामान्य माणसांना वापरून पाहायला देतात. तो माणूस कोठे थांबला, कोठे गोंधळला, हे शांतपणे टिपून घेतात. सुरुवातीलाच त्याला सांगतात, "ही तुमची परीक्षा नाही, यंत्राची परीक्षा आहे." या एका वाक्यात साऱ्या विषयाचे सार आहे.

एक साधे उदाहरण पाहा. बँकेच्या यंत्रातून आधी पैसे आणि मग कार्ड बाहेर आले, तर पुष्कळ लोक पैसे घेऊन निघून जातात आणि कार्ड विसरतात. मुख्य काम झाले की उरलेले विसरणे, हा माणसाच्या मनाचा स्वभावच आहे. म्हणून अनेक यंत्रांत आधी कार्ड परत मिळते आणि मगच पैसे मिळतात. "कार्ड विसरू नका" अशी पाटी लावण्यापेक्षा हा उपाय अधिक चांगला आहे. लोकांना उपदेश करावा लागला नाही. यंत्रातला क्रम बदलला आणि काम झाले.

अशी काळजी घेतली नाही, तर हानी मोठी होऊ शकते. २००० साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लॉरिडा राज्यातील पाम बीच या जिल्ह्यात मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे दोन बाजूंना छापली होती आणि भोके पाडण्याची जागा मध्ये एकाच रांगेत होती. अल गोर यांचे नाव डावीकडे दुसरे होते, पण त्यांचे भोक तिसरे होते. दुसरे भोक उजवीकडच्या पॅट ब्यूकॅनन यांचे होते. गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या कित्येकांनी चुकून दुसरे भोक पाडले. कित्येकांनी दोन भोके पाडली आणि त्यांची मते बाद झाली. त्या राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला आणि त्यावरच देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरला. विशेष म्हणजे ती मतपत्रिका कोणी वाईट हेतूने केली नव्हती. वृद्धांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी घेतली होती. मोठी अक्षरे एका पानावर मावेनात, म्हणून नावे दोन बाजूंना गेली. म्हणजे नुसता हेतू चांगला असून भागत नाही. ज्यांच्यासाठी वस्तू करायची, त्यांच्या हाती ती आधी देऊन पाहावी लागते.

आता आपल्या देशाकडे पाहू. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. "आधी साक्षर व्हा, मग मत द्या" असे त्यांना कोणी म्हटले नाही. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह मिळाले आणि त्याची मतपेटीही वेगळी ठेवली गेली. पुढे मतदान यंत्र आले. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे काही मतदान केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर वापरात आले. त्याच्या रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा होता. उमेदवाराचे नाव, त्याचे चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. बटण दाबले की तांबडा दिवा लागतो आणि आवाज येतो. आपले काम झाले, हे मतदाराला डोळ्यांनी कळते आणि कानांनीही कळते.

उर्दूची कहाणीही अशीच बोधप्रद आहे. अनेक वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. यंत्राला नस्ख लिपी सोपी होती, पण उर्दू वाचकांच्या डोळ्यांना नस्तालीकची सवय होती. वाचकांनी ती सवय सोडली नाही. अखेर १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहून 'नूरी नस्तालीक' हा संगणकीय टंक सिद्ध केला. येथे वाचक यंत्रासाठी बदलला नाही, यंत्रच वाचकासाठी बदलले.

यावर कोणी म्हणेल, "लोकांनीही थोडे शिकायला नको का? नवी पिढी सारे सहज शिकते." शिकायला हवेच. विमान चालवणाऱ्याला शिकावेच लागते. पण शिधापत्रिकेचा अर्ज भरणे किंवा इस्पितळात नाव नोंदवणे म्हणजे विमान चालवणे नव्हे. ही कामे प्रत्येकाला करावी लागतात, म्हणून ती प्रत्येकाला जमली पाहिजेत. शिवाय आजची नवी पिढी उद्या म्हातारी होणार आहे. तिचीही नजर मंद होईल, तिचाही हात थरथरेल.

विद्यार्थी मित्रांनो, म्हणून हा विषय तुमच्यापैकी काहींनी शिकावा, असे मला मनापासून वाटते. तो केवळ गणितात हुशार असणाऱ्यांचा नाही. मुंबईच्या आयआयटीत रचनाशास्त्राच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेश परीक्षा असते. विज्ञान, वाणिज्य किंवा कला यांपैकी कोणत्याही शाखेतून बारावी करणाऱ्यांना ती देता येते. चित्र काढण्याची आवड, माणसांविषयी आस्था आणि बारीक निरीक्षण ही या विषयाची भांडवले आहेत.

आणखी एक भांडवल तुमच्याजवळ आहे. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता, मराठी डावीकडून उजवीकडे वाचता आणि उर्दू ओळीतला आकडा मात्र डावीकडूनच लिहिता. पुस्तकाचे पुढचे पान कोणत्या बाजूला असते, हे प्रत्येक भाषेत सारखे नसते, हे तुम्हांला कोणी सांगावे लागत नाही. उर्दू पडद्यावर 'मागे' जाण्याचा बाण उजवीकडे वळलेला हवा. केवळ एका लिपीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सहसा सुचत नाही. तुम्हांला ती लगेच पटेल.

यंत्रे वाढतच जाणार आहेत. ती कोणासाठी सोपी असावीत, हे ती घडवणारे ठरवतात. मराठी, उर्दू बोलणाऱ्या साध्या घरांतील मुलेमुली त्या कामात असतील, तर आपल्या माणसांची अडचण तेथे आधीच मांडली जाईल. तोवर एवढे तरी करा. यंत्रासमोर कोणी अडखळला, तर त्याला हसू नका. तो नेमका कोठे अडला, हे नीट पाहा. या विद्येचा पहिला धडा तोच आहे.